मी माझंच भावंड!

काका, हापूस, उपवासाची खिचडी... आपल्याला सहज कळणाऱ्या गोष्टी मशीनला समजावून सांगताना भल्याभल्यांना घाम फुटतो. 'ऑन्टॉलॉजी' नावाच्या या भानगडीत जरा डोकावून बघा!

गेल्या गणपतीत आमच्या घरी एक नवाच शोध लागला. मी माझंच भावंड आहे, असा.

शोध लावला माझ्या आत्येबहिणीच्या लॅपटॉपने. ताई कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला प्रोजेक्टसाठी विषय मिळाला होता ऑन्टॉलॉजीचा आणि घरात आयतेच पंचवीस-तीस नातेवाईक जमलेले. तिने ठरवलं, आपल्या घराची वंशावळच मशीनमध्ये घालायची. दुपारची जेवणं उरकल्यावर आजी सांगत होती, ताई टाइप करत होती आणि मी उरलेले मोदक संपवत बघत बसले होते. सगळं भरून झाल्यावर ताईने 'रीझनर' सुरू केला. रीझनर म्हणजे आपण दिलेल्या माहितीवरून नवे निष्कर्ष काढून देणारा प्रोग्राम. काही सेकंदांत स्क्रीनवर माझ्या भावंडांची यादी आली. त्यात दोन नावं होती. एक दादाचं आणि दुसरं माझंच.

"ताई, मशीन बिघडलंय का तुझं?" मी विचारलं.

ती कपाळाला हात लावून म्हणाली, "मशीन ठीक आहे गं. मीच चुकीचं बोलले."

हे वाक्य काही माझ्या डोक्यातून जाईना. मग विसर्जनापर्यंत मी ताईच्या मागे भुणभुण लावली आणि समजून घेत गेले. मी मास कॉमची विद्यार्थिनी, कोडिंगशी माझं नातं जेमतेम ओळखीपुरतं. त्यामुळे मला कळलंय ते तुम्हालाही नक्की कळेल!

आधी, ही भानगड काय?

ऑन्टॉलॉजी हा शब्द मूळचा तत्त्वज्ञानातला. जगात काय काय आहे आणि मुळात 'असणं' म्हणजे काय, याचा विचार करणारी ती शाखा. कॉम्प्युटरवाल्यांनी हा शब्द उचलला आणि आपल्या कामाला लावला. टॉम ग्रुबर या अमेरिकन संशोधकाने १९९३ मध्ये केलेली व्याख्या आजही या विषयात सगळीकडे सांगितली जाते. तिचा अर्थ साधारण असा: एखाद्या विषयाचं जे चित्र आपल्या डोक्यात असतं, ते उघड आणि स्पष्ट शब्दांत मांडून ठेवणं. म्हणजे त्या विषयात कोणकोणत्या गोष्टी आहेत, त्यांचे प्रकार कोणते, त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे सगळं मशीनला कळेल असं लिहून काढायचं.

त्यासाठी खास भाषा आहेत. त्यातली सगळ्यात गाजलेली 'वेब ऑन्टॉलॉजी लँग्वेज'. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००४ मध्ये तिला मान्यता दिली आणि २००९ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आणली. आद्याक्षरं ओळीने घेतली तर तिचं नाव 'वोल' व्हायला हवं होतं. पण अक्षरांची अदलाबदल करून त्यांनी ते 'आऊल' केलं, म्हणजे घुबड. आपल्याकडे घुबड दिसलं की लोक दचकतात, तिकडे ते शहाणपणाचं चिन्ह!

ताईच्या मते आऊलचं व्याकरण शिकणं फार अवघड नाही. खरी पंचाईत होते ती वेगळीच. आपल्याला नेमकं काय म्हणायचंय, हेच आपण कधी नीट ठरवलेलं नसतं.

भावंड म्हणजे नक्की कोण?

आता माझं प्रकरण घ्या. ताईने मशीनला सांगितलं होतं, "माझ्या आईवडिलांचं मूल ते माझं भावंड." ऐकायला बरोबर वाटतं ना? पण माझ्या आईवडिलांचं मूल मीसुद्धा आहे. मग मी माझंच भावंड. मशीनने फक्त आमचं वाक्य शेवटपर्यंत नेलं. आपण बोलताना "अर्थात, मी सोडून" हे गृहीत धरतो. मशीन काहीच गृहीत धरत नाही.

ताईने लगेच दुसरं वाक्य घातलं, "कोणीही स्वतःचं भावंड नसतं." आऊलने ते घ्यायलाच नकार दिला. या भाषेत दोन नाती जोडून तिसरं नातं तयार करता येतं, पण अशा जोडनात्यावर "स्वतःशी हे नातं नसतं" अशी अट घालता येत नाही. सगळंच बोलायची मुभा दिली, तर रीझनरचं काम कधीतरी संपेल याची खात्री देता येत नाही, म्हणून भाषा बनवणाऱ्यांनी मुद्दाम कुंपण घातलंय. आणि समजा, तिने ते वाक्य घेतलं असतं, तरी पहिल्या वाक्याशी त्याचं भांडणच झालं असतं!

यावर उपाय आहे. आऊलच्या जोडीला नियम लिहायची एक वेगळी भाषा मिळते. तिच्यात ताईने लिहिलं, "दोघांचे आईवडील तेच असतील आणि ती दोघं वेगळी माणसं असतील, तर ती भावंडं." रीझनर पुन्हा सुरू केला. आता यादीतून मी गेले, पण दादासुद्धा गेला!

का? तर मी आणि दादा वेगळी माणसं आहोत, हे मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. दोन नावं म्हणजे दोन माणसं, असं आऊल धरून चालत नाही. आधी मला हा आगाऊपणा वाटला, पण विचार केल्यावर पटलं. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर ही नावं दोन, माणूस एकच. आमच्या आजोबांचं रेशन कार्डावरचं नाव वेगळं आणि घरातलं नाव 'अण्णा'. ताईने चुकून दोन्ही नावं बाबांचे वडील म्हणून घातली होती. प्रत्येकाला वडील एकच असतात, हेही लिहिलं होतं. मशीनने तक्रार केली नाही, शांतपणे निष्कर्ष काढला की ही दोन्ही नावं एकाच माणसाची. अगदी बरोबर! पण टाइप करताना तिथे चुकून भलत्याच कोणाचं नाव पडलं असतं, तर मशीनने तितक्याच शांतपणे त्या दोघांनाही एक करून टाकलं असतं.

काका कोणाला म्हणायचं?

ऑन्टॉलॉजी शिकवताना 'अंकल'चं उदाहरण हटकून येतं. आऊलच्या २००४ च्या आवृत्तीत "आईवडिलांचा भाऊ तो अंकल" एवढं साधं नातंही जोडून सांगता येत नव्हतं. २००९ च्या आवृत्तीत त्याची सोय झाली. मराठी माणूस तर या बाबतीत दोन पावलं पुढेच! आपल्याकडे आईचा भाऊ मामा आणि वडिलांचा भाऊ काका. दोन साखळ्या लिहिल्या की काम झालं, असं आम्हाला वाटलं.

पण मावशीच्या यजमानांनाही आम्ही काकाच म्हणतो. त्यांचं नातं लग्नाने आलेलं. शिवाय समोरच्या घरातले काका आहेत. गेली कित्येक वर्षं आमच्या गणपतीची आरास तेच करतात. त्यांचं नातं ना रक्ताचं ना लग्नाचं. आणि रिक्षावाल्याला आपण "काका, स्टेशनला येणार का?" विचारतो ते तर नातंच नाही, नुसती हाक आहे. शब्द एक, गोष्टी चार. ताईने पहिल्या दोन ठेवल्या, हाक वगळली. समोरच्या काकांचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्यांनाही वगळलं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल!

अशीच गोची हापूसची. हापूस हा आंब्याचा एक प्रकार. माझ्या हातातला आंबा हापूस आहे. मग माझ्या हातातला आंबा हा 'आंब्याचा प्रकार' झाला का? नाही ना! कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते एका वाणाला मिळालं. माझ्या ताटातल्या आंब्याला कोणी मानांकन दिलेलं नाही, तो मी संध्याकाळपर्यंत संपवणार आहे. म्हणजे 'हापूस' एकीकडे आंब्यांचा गट आहे आणि दुसरीकडे वाणांच्या यादीतली एक नोंद. आऊलच्या नव्या आवृत्तीत एकच नाव या दोन्ही कामांसाठी वापरता येतं, पण कधी कोणत्या अर्थाने वापरतोय याचं भान आपल्यालाच ठेवावं लागतं.

आणखी एक सापळा म्हणजे 'विद्यार्थी'. मी माणूस आहे आणि विद्यार्थी आहे. वाक्यं सारखीच दिसतात. निकोला ग्वारिनो आणि ख्रिस वेल्टी या संशोधकांनी २००० च्या आसपास 'ऑन्टोक्लीन' नावाची तपासणीची पद्धत मांडली. तिच्यातला एक प्रश्न मला भारी वाटला. ती ओळख गेली तरी ती गोष्ट उरते का? पदवी मिळाली की मी विद्यार्थी नसेन, पण मी असेन. माणूस असणं मात्र काढून ठेवता येत नाही. म्हणजे 'माणूस' हा प्रकार झाला आणि 'विद्यार्थी', 'इंटर्न', 'पेशंट' या भूमिका. दोन्हींची गल्लत झाली की डिस्चार्ज मिळालेला पेशंट माणसांच्या यादीतूनही बाहेर!

खिचडीची अग्निपरीक्षा

हा विषय शिकवायला ब्रिटनमधल्या मँचेस्टर विद्यापीठातल्या मंडळींनी पिझ्झाची ऑन्टॉलॉजी बनवली होती. जगभरातले विद्यार्थी तिच्यावर हात साफ करतात. मी ठरवलं, आपण साबुदाण्याची खिचडी घेऊ.

मी लिहिलं, "खिचडीत साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची, तूप आणि जिरं आहे. ज्या पदार्थात उपवासाला न चालणारा एकही जिन्नस नाही, तो उपवासाचा पदार्थ." (जिरं चालतं की नाही यावर आमच्या घरात दोन तट आहेत. तो वाद कुठलंही मशीन मिटवू शकत नाही.) मग विचारलं, खिचडी उपवासाची आहे का? मशीन गप्प.

कारण? मी काय आहे ते सांगितलं, "बाकी काही नाही" हे सांगितलंच नाही. कोण जाणे, कांदाही घातला असेल! मग मी लिहिलं, या सहा जिन्नसांशिवाय दुसरं काहीही नाही. तरी मशीन गप्प! कारण साबुदाणा हा कांद्याचाच एखादा प्रकार नाही, हेही मी सांगितलं नव्हतं. तेवढं लिहिल्यावर कुठे खिचडी पास झाली.

हसू येतं, पण यामागे एक मोठं तत्त्व आहे. एसटी स्टँडच्या फलकावर रात्री अकराची गाडी लिहिलेली नसेल, तर ती गाडी नाही असं आपण धरतो. यादीत नाही म्हणजे नाहीच. आऊल उलट वागते. लिहिलेलं नाही म्हणजे 'माहीत नाही'. याला 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. बातमीदारी शिकताना आम्हालाही हेच बजावतात. पोलिसांच्या वहीत नोंद नाही म्हणजे घटना घडलीच नाही, असं लिहायचं नाही!

हे किती महत्त्वाचं आहे, ते मला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. अण्णांना एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं होतं. फॉर्म मी भरला आणि घाईत ॲलर्जीचा रकाना रिकामा सोडला. इंजेक्शन द्यायला आलेल्या सिस्टरने फाइल बघून विचारलं, "ॲलर्जी नाही, की लिहायचं राहिलं?" मी आईला फोन लावला. अण्णांना एका अँटिबायोटिकने पूर्वी अंगभर पुरळ उठलं होतं. इंजेक्शन बदललं गेलं. त्या सिस्टरना ऑन्टॉलॉजी माहीत असेल-नसेल, पण रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं. कुठला रकाना रिकामा राहता कामा नये, हे तपासायला आता 'शॅकल' नावाची वेगळी भाषा आहे. तिला २०१७ मध्ये मान्यता मिळाली.

बोट गेलं की हात?

हॉस्पिटलचा विषय निघालाच आहे, तर या क्षेत्रातली एक खरी चूक सांगते. 'स्नोमेड सीटी' ही वैद्यकीय संज्ञांची जगभर वापरली जाणारी प्रचंड मोठी ऑन्टॉलॉजी आहे. आजार, अवयव, शस्त्रक्रिया मिळून तिच्यात साडेतीन लाखांच्या वर संकल्पना आहेत. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे संशोधक फ्रान्झ बाडर आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००८ मध्ये तिच्यातली एक विचित्र चूक उकलून दाखवली. बोट कापण्याची शस्त्रक्रिया हा हात कापण्याच्या शस्त्रक्रियेचा प्रकार आहे, असा निष्कर्ष तिच्यातून निघत होता!

कसं काय? बोट हा हाताचा भाग. बोटाला जखम झाली तर हाताला जखम झाली, हे म्हणणं बरोबर. हेच चालावं म्हणून स्नोमेडमध्ये दोन वेगळ्या संकल्पना होत्या. एक 'अख्खा हात' आणि दुसरी 'हात किंवा हाताचा कुठलाही भाग'. जखमेसाठी दुसरी योग्य. पण कापण्याची शस्त्रक्रियाही त्या दुसरीलाच जोडली गेली होती. ती जोडायला हवी होती अख्ख्या हाताला. एवढासा फरक. आता कल्पना करा, ज्यांचा हात कापावा लागला अशा पेशंटची यादी काढली आणि तिच्यात बोट गमावलेला कामगार आला. कृत्रिम हात किती लागतील याचा हिशेब चुकेल, विम्याचा दावा चुकेल, संशोधनातले आकडे चुकतील. आणि लाखो वाक्यांमधून दोषी असलेली मोजकी वाक्यं डोळ्यांनी शोधणं अशक्य. तीच वाक्यं नेमकी हुडकून काढणारी पद्धत या संशोधकांनी वापरली.

आणि हे सगळं कुठे तरी लांब चाललंय असं समजू नका. भारत २०१४ पासून स्नोमेड सीटीचा सदस्य देश आहे आणि त्याचं आपल्या देशातलं काम पाहणारं केंद्र पुण्यातच आहे, सी-डॅकमध्ये.

तुम्हालाही करून बघायचंय?

- स्टॅनफर्ड विद्यापीठाचं 'प्रोटेजे' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ताईने तेच वापरलं. पिझ्झाच्या ऑन्टॉलॉजीपासून सुरुवात करा, मग आपली खिचडी आहेच.

- २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'विकिडेटा'वर कोणीही माहिती भरू शकतं, मराठीतूनसुद्धा. तिथे 'अमुकचं उदाहरण' आणि 'अमुकचा उपप्रकार' अशी दोन वेगळी नाती आहेत. हापूसचा गोंधळ तिथे रोज प्रत्यक्ष बघायला मिळेल!

- हे फक्त इंजिनीअर मंडळींचं काम नाही. जीवशास्त्रवाले १९९८ पासून 'जीन ऑन्टॉलॉजी' बांधतायत. भाषा, कायदा, ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्यांनाही इथे वाव आहे. शब्दांचा कीस पाडायची आवड मात्र हवी.

- कोणतंही वाक्य लिहिण्याआधी चार प्रश्न विचारा. हा प्रकार आहे की एक नग? प्रकार आहे की भूमिका? 'चा प्रकार' म्हणायचंय की 'चा भाग'? आणि मी काय गृहीत धरलंय, जे लिहिलेलं नाही?

आणि समोरचे काका?

विसर्जनाच्या आदल्या रात्री ताईने वंशावळ प्रिंट करून आजीच्या हातात दिली. आजीने चष्मा लावून सगळी नावं बोट ठेवून वाचली आणि विचारलं, "समोरचे काका कुठायत?"

"आजी, ते आपल्या नात्यात बसत नाहीत ना," ताई म्हणाली.

"बसत नाहीत कसे? अण्णांना दवाखान्यात घेऊन कोण गेलं होतं?"

खरंच, कारण फॉर्म मी भरला होता, पण त्या रात्री गाडी काकांनी काढली होती. ताईने पुन्हा लॅपटॉप उघडला. या वेळी तिने काकांना जबरदस्तीने 'वडिलांचा भाऊ' केलं नाही. तसं केलं असतं तर मशीनने त्यांना बाबांचं भावंड ठरवून आजोबांच्या इस्टेटीपर्यंत नेलं असतं! तिने एक नवं नातं लिहिलं, 'मानलेले काका'. ते रक्ताच्या नात्यांपासून वेगळं ठेवलं, पण 'घरची माणसं' या गटात त्यांना घेतलं. रीझनर चालवला, कुठेही भांडण नाही.

मशीनला समजावता समजावता आमच्या घराला एक गोष्ट पहिल्यांदाच लिहून काढावी लागली, 'घरची माणसं' म्हणजे कोण. तुमच्या घरची यादी काढून बघा. कोणाचं नाव तुम्ही गृहीत धरलंय आणि कोणाचं लिहायचंच राहिलंय?